विदूषकाला वाद्य यायलाच हवं का? वेर्शोचं दिमित्री कुटुंब, ग्रॉक आणि आपल्या तंबूतला बँड

लिंबोणी (धागाकर्ती)

'मुलांना काय दाखवाल' या धाग्यावर मी स्वित्झर्लंडच्या दिमित्री कुटुंबाचा उल्लेख केला होता. दोघातिघांनी सविस्तर लिही म्हणून सांगितलं. तिथे विषयांतर नको, म्हणून वेगळा धागा काढतेय.

दिमित्री म्हणजे दिमित्री याकोब म्युलर. जन्म १९३५, गाव आस्कोना. हा स्वित्झर्लंडचा दक्षिण भाग, इथे इटालियन बोलतात. तो आधी कुंभारकाम शिकला, मग पॅरिसला जाऊन एत्येन दक्रू आणि मार्सेल मार्सो यांच्याकडे मूकाभिनय शिकला. मेद्रानो सर्कशीत पांढऱ्या तोंडाच्या विदूषकाचा जोडीदार म्हणून उभा राहिला आणि १९५९ साली आस्कोनात त्यानं पहिला एकट्याचा खेळ केला. क्नी या स्विस सर्कशीबरोबर तो १९७०, १९७३ आणि १९७९ हे हंगाम फिरला. १९७१ मध्ये त्यानं आणि त्याची बायको गुंडा हिनं लोकार्नोजवळच्या वेर्शो या छोट्या गावात नाटकघर उघडलं, आणि १९७५ मध्ये त्याच्या शेजारीच शाळा. तिथे मूकाभिनय, कसरत, नाच, गाणं असं सगळं एकत्र शिकवतात. आज ती शाळा पदवी देते.

पुढे त्यानं मुलांना घेऊन जो खेळ बसवला त्याचं नावच 'दिमित्री कुटुंब' असं होतं. बाप विदूषक. मुलगी माशा तारेवरची कसरत करणारी, दुसरी मुलगी नीना गायिका, मुलगा डेव्हिड उंच तारेवर चालणारा. शिवाय काई लक्लेर्क नावाचा कलाकार, जो छताला पाय लावून उलटा चालतो. हा खेळ न्यूयॉर्कलाही जाऊन आला. मी तो वेर्शोलाच पाहिला, दिमित्री हयात असताना. (२०१६ च्या जुलैमध्ये तो गेला. ऐंशी ओलांडल्यावरही रंगमंचावर उभा राहत होता.)

मला जे सांगायचंय ते असं. त्या खेळात वाजवायला वेगळी माणसं नव्हती. जो पडतो तोच वाजवतो. जी तारेवर चालते ती खाली उतरून लगेच दुसरीच्या गाण्याला साथ धरते. दिमित्री एकापेक्षा जास्त सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवायचा आणि ते सुरात असायचं! थट्टा म्हणून घेतलेलं वाद्य सुरात वाजलं की मुलं हसता हसता एकदम गप्प होतात आणि मग दुप्पट हसतात. रेल्वेच्या हमालाचा त्याचा एक जुना एकपात्री खेळ होता. त्यात तो प्रवाशांचं सामान उघडतो आणि आत वाद्यं सापडत जातात. वाद्य ही त्याच्याकडे अडचणही असते आणि बक्षीसही.

माझं ठाम मत आहे की विदूषकाचा खेळ ध्वनिमुद्रित संगीतावर केला की त्यातला निम्मा जीव जातो. विदूषकाला एक तरी वाद्य मनापासून यायला हवं, आणि ते येत नसेल तर निदान त्याच्याकडे बघत वाजवणारा माणूस शेजारी हवा. तुमचं काय म्हणणं आहे? आपल्याकडच्या सर्कशींबद्दल कुणाला माहिती असेल तर तीही लिहा.

---

मिरजेचा_ताशा

मस्त धागा. मी बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. लग्नात, मिरवणुकीत आणि हौसेनं नाटकांनाही. म्हणून वाजवणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

लिंबोणीताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि त्यामागचं कारण अगदी यांत्रिक आहे. विदूषक दर वेळी सारखा पडत नाही. आज पायरीवर पाय जरा लवकर घसरला, उद्या एक पोरगं मध्येच ओरडलं म्हणून तो क्षणभर थांबला. मुद्रित संगीत त्याच्यासाठी थांबत नाही. मग विदूषकाला संगीताच्या मागे पळावं लागतं, आणि तो पळतोय हे प्रेक्षकाला कळतं.

थप्पड घ्या. मारणाऱ्याचा हात गालाजवळून नुसता निसटतो. आवाज काढतो तो थप्पड खाणारा, स्वतःचे तळहात एकमेकांवर आपटून, आणि तेही प्रेक्षकाला दिसणार नाही अशा जागी. ही झाली साधी रीत. ड्रमवाला साथीला असला की थप्पड खाणाऱ्याचे हात मोकळे राहतात, तो दोन्ही हात हवेत फेकू शकतो. म्हणजे माझ्या एका ठोक्यामुळे त्याचा अभिनय बदलतो. मोठ्या पडण्याला बिग ड्रम आणि झांज एकदम, बुडावर आपटला तर नुसता बिग ड्रम, डोक्यात काही पडलं तर लाकडी ठोकळा. घसरण्याला ट्रॉम्बोनची लांब सरक. हे सगळं नजरेवर चालतं, कागदावर लिहून भागत नाही.

आणि रोल! तारेवरच्या बाईच्या वेळी साइड ड्रमचा रोल, म्हणजे काड्यांचा सलग थरथरता नाद, चढत जातो तो सगळ्यांना आठवतो. पण खरी कला तो कधी तोडायचा यात आहे.

---

कुरुंदवाड_घाट

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आपल्या सर्कशीचं मूळच संगीतवाल्या माणसाच्या हातात आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

विष्णुपंत छत्रे. मूळचे आमच्याच भागातले, अंकलखोपचे. ग्वाल्हेरला ते घोडा शिकले आणि त्याच ग्वाल्हेरला हद्दू खाँ यांच्याकडे गाणंही शिकले. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे अश्वशाळा सांभाळायचे. १८७९ मध्ये इटालियन किआरिनीची सर्कस मुंबईत आली. ती पाहून छत्र्यांनी स्वतःची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली, १८८० मध्ये. एवढं शाळेच्या पुस्तकातही सापडतं.

पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ हे अलौकिक गवई, पण मन बिघडलेलं, काशीत हलाखीत भटकत होते. छत्र्यांनी गुरूचा मुलगा म्हणून त्यांना ओळखलं, उचलून सर्कशीबरोबर घेतलं आणि आयुष्यभर सांभाळलं. सर्कस जिथे जाईल तिथे खाँसाहेबांची मैफल व्हायची. लोक घोडे बघायला यायचे आणि रहिमत खाँ ऐकून जायचे. 'भूगंधर्व' म्हणून जे नाव झालं ते सर्कशीच्या फिरतीवर. १९०५ मध्ये विष्णुपंत वारले, त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनी खाँसाहेबांचं सगळं पाहिलं. १९२२ साली कुरुंदवाडलाच खाँसाहेबांचा देह पडला.

म्हणजे वाघ, घोडे, जोकर आणि ग्वाल्हेर घराण्याचा ख्याल एकाच मुक्कामाला. कृष्णाकाठच्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. म्हैसाळच्या देवलांची सर्कसही इथलीच.

---

लिंबोणी

कुरुंदवाड_घाट, अंगावर काटा आला. रहिमत खाँ सर्कशीबरोबर फिरायचे हे ओझरतं ऐकलं होतं, पण हा सगळा धागा जुळला नव्हता. मनापासून आभार.

तुम्ही १८८० म्हणालात. त्याच वर्षी जानेवारीत स्वित्झर्लंडच्या लोव्हरेस गावात शार्ल आद्रियाँ वेटाख जन्मला. जग त्याला ग्रॉक म्हणून ओळखतं. वाद्य वाजवणाऱ्या विदूषकांमध्ये त्याच्याएवढा मोठा दुसरा झाला नाही असं मी म्हणेन.

त्याचे दोन प्रसंग लिहिते, जुन्या चित्रफितींत ते बघता येतात. एक, पियानोचा. स्टूल पियानोपासून लांब आहे. तो बसून बघतो, हात पोहोचत नाहीत. विचार करतो, उठतो आणि सगळी ताकद लावून पियानोच स्टुलाकडे ढकलत आणतो. दुसरा व्हायोलिनचा. भल्यामोठ्या पेटीतून तो अगदी चिमुकलं व्हायोलिन काढतो. वाजवण्याआधी गज हवेत उडवून झेलायला जातो, आणि हुकतो. परत हुकतो. मग पडद्याआड जाऊन सराव करतो. आपल्याला पडद्याच्या वर उडणारा गज तेवढा दिसतो, आणि तिथे तो अचूक झेलला जातोय. बाहेर आला की पुन्हा हुकतो. आणि नंतर वाजवण्याच्या नादात, लक्षही नसताना, सहज झेलतो.

हे करणारा माणूस वाजवायला लागला की कळतं, हा पक्का वादक आहे. पियानो, व्हायोलिन, कॉन्सर्टिना (दोन हातांत धरून दाबत-ताणत वाजवायची छोटी पेटी), क्लॅरिनेट, सगळं. खुर्चीची बैठक तुटून तो आत अडकतो, तिथून एका उडीत खुर्चीच्या पाठीवर जाऊन मांडी घालून बसतो आणि कॉन्सर्टिना सुरू. तो सूर इतका हळवा असतो की मघाची उडी विसरायला होते.

---

रानजाई

छान चर्चा. पण मी थोडा विरोधी सूर लावते, लिंबोणी, राग मानू नकोस.

स्लावा पोलुनिनचा 'स्नोशो' घे. १९९३ पासून जगभर चालू आहे, लहानमोठे सगळे बघतात. स्लावानं १९६८ मध्ये लेनिनग्राडला 'लित्सेदेई' ही विदूषकांची मंडळी सुरू केली, पिवळ्या ढगळ कपड्यातला त्याचा विदूषक तिथूनच पुढे आला. या खेळात बँड नाही. सगळं मुद्रित संगीत. शेवटच्या हिमवादळात कार्ल ऑर्फचं समूहगान पूर्ण आवाजात येतं, पाठीमागून प्रखर दिवा, पंख्यांचा वारा, कागदाचे लाखो कपटे, आणि प्रेक्षागृहातली माणसं खुर्ची धरून बसतात. तिथे आठदहा वादक बसवले असते तर ते झालं असतं का? मला नाही वाटत. नंतर ते भलेमोठे फुगे प्रेक्षकांत सोडतात आणि आजोबा लोकसुद्धा उड्या मारतात.

म्हणजे मुद्रित संगीतानं जीव जातो असं सरसकट म्हणता येणार नाही. खेळाची जात कोणती त्यावर ते ठरतं.

---

मिरजेचा_ताशा

रानजाई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण नीट बघितलं तर तो आमच्याच बाजूला येतो. मी चित्रफितीच पाहिल्यात, तरी लिहितो. स्लावाचा खेळ संथ आहे. त्यात आपटाआपटी फार थोडी. विदूषक उभे राहतात, चालतात, थांबतात, बघतात. त्याला संगीत लागतं ते हवामानासारखं. हिमवादळही हवामानच झालं. तिथे ठोका चुकायचा प्रश्नच येत नाही.

जिथे शरीर शरीरावर आपटतं, शिडी फिरते, बादली उलटते, तिथे मात्र जिवंत साथ हवी. दोन्ही खेळ विदूषकांचे असले तरी वाजवणाऱ्याकडून त्यांची मागणी वेगळी.

---

रानजाई

हे पटलं. हवामान आणि ठोका हा फरक मी लक्षात ठेवीन.

जाता जाता फ्रातेलिनी भावांबद्दल लिहिते, कुटुंब आणि संगीत दोन्ही त्यांच्यात आहे. पॉल, फ्रांस्वा आणि आल्बेर. बाप गुस्ताव्हो मूळ फ्लॉरेन्सचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर पॅरिसच्या मेद्रानो सर्कशीत या तिघांनी असा जम बसवला की चित्रकार, कवी त्यांना बघायला रांग लावायचे. तोवर विदूषकांची जोडी असायची. पांढऱ्या तोंडाचा, झगमगीत पोशाखाचा, शहाणा, हुकूम सोडणारा एक. आणि लाल नाकाचा, ढगळ कपड्यांचा, प्रत्येक गोष्ट उलटी करणारा ऑगस्त दुसरा. या भावांनी तिसरा आणला. पॉल हा वकिलाच्या कचेरीतल्या माणसासारखा, एकडोळी चष्मा लावलेला, अर्धा शहाणा आणि अर्धा बावळट. तिघं झाल्यावर वाद्यवृंदच झाला की! आणि वाजवायचे तिघंही.

पॉलची नात आनी फ्रातेलिनी. बायका विदूषक होत नसत त्या काळात ती ऑगस्त झाली, सॅक्सोफोन आणि कॉन्सर्टिना घेऊन. १९७४ मध्ये तिनं आणि तिचा नवरा पिएर एतेक्स यांनी पॅरिसला सर्कशीची शाळा काढली. ती शाळा फ्रातेलिनी अकादमी म्हणून आजही आहे.

---

माद्रिदची_मैना

मी स्पेनमध्ये राहते. इथे विदूषक म्हटलं की पन्नाशी-साठीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्याचं कारण एकच कुटुंब आहे, आरागोन.

गाबी, फोफो आणि मिलिकी हे तीन भाऊ. बाप आणि काकाही विदूषकच. १९४६ मध्ये क्युबाला गेले, तिथे दूरचित्रवाणी नवी असतानाच तिच्यावर आले, मग मेक्सिको, पोर्तो रिको, अर्जेंटिना अशी फिरती झाली आणि १९७३ पासून स्पेनच्या सरकारी वाहिनीवर त्यांची सर्कस सुरू झाली. ती १९८३ पर्यंत चालली. फ्रँकोची राजवट संपून लोकशाही येण्याचा तो काळ, आणि घराघरात एकच वाहिनी लागायची.

सुरुवातीला गाबी मोठ्यानं विचारायचा, 'कसे आहात तुम्ही?' आणि समोरची सगळी मुलं 'छाऽऽन!' म्हणून ओरडायची. मग गोष्ट, गोंधळ, मारामारी आणि शेवटी गाणं. गाबीच्या हाती सॅक्सोफोन, मिलिकीकडे अ‍ॅकॉर्डियन. ती गाणी आज इथल्या बालवाड्यांमध्ये म्हणतात. माझी मुलगी ती शिकून घरी आली तेव्हा मला या लोकांचा पत्ता लागला.

१९७६ मध्ये फोफो वारला. शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून कावीळ झाली. देशभर मुलं रडली असं इथली माझ्या ओळखीतली सगळी माणसं सांगतात. त्याचा मुलगा फोफितो आधीच खेळात होता, पुढे मिलिकीचा मुलगाही आला, आणि खेळ थांबला नाही. कुटुंबाचा खेळ म्हणजे काय ते मला इथे समजलं. चेहरा बदलतो, पण मुलांना माहीत असलेलं गाणं तेच राहतं.

---

ऋतूची_आई

सगळे प्रतिसाद आवडले. माझा प्रश्न जरा घरगुती आहे. माझी मुलगी चार वर्षांची, तिला जोकरची खूप भीती वाटते. एका वाढदिवसाला रंगवलेला जोकर तिच्या अगदी तोंडाजवळ आला आणि तेव्हापासून लाल नाक दिसलं की ती मांडीत तोंड लपवते. सर्कस दाखवायची फार इच्छा आहे. काय करू?

---

लिंबोणी

ऋतूची आई, तिची भीती अगदी खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका. या वयात चेहऱ्याचे भाव वाचायला मूल नुकतंच शिकत असतं आणि रंगवलेल्या तोंडावर हसू कायमचं गोठलेलं असतं. आतला माणूस रागावलाय की हसतोय हे तिला कळत नाही.

संगीत इथे फार उपयोगी पडतं. न्यूयॉर्कच्या बिग अ‍ॅपल सर्कशीच्या मायकेल क्रिस्टेन्सननं १९८६ मध्ये रुग्णालयातल्या मुलांसाठी विदूषक पाठवायला सुरुवात केली, नंतर जगभर तसं काम उभं राहिलं. हे विदूषक चेहरा फार रंगवत नाहीत, आणि खोलीत घुसत नाहीत. दाराशी उभं राहून युकुलेलेसारखं छोटं वाद्य हळू वाजवतात, मुलानं होकार दिला तरच आत येतात. तुम्हीही तसंच करा. आधी ग्रॉकची किंवा दिमित्रीची वाजवण्याची चित्रफीत दाखवा, आवाज कमी ठेवून. दिमित्रीचा चेहरा रंग लावूनही माणसाचाच राहतो. सर्कशीला गेलात तर पहिल्या रांगेत अजिबात बसू नका, वरच्या बाकांवर बसा, बाहेर जायची वाट जवळ ठेवा. आणि तिला नको असेल तर या वर्षी नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

---

गोंयचो_पाव

आमच्या गोव्यात तियात्र, म्हणजे आमचं कोकणी संगीत नाटक, बघायला या! सर्कस नाही, पण विनोद आणि जिवंत बँड या दोन्ही गोष्टी एका जागी मिळतात. प्रवेश संपला की पडद्यापुढे कांतार, म्हणजे गाणं, होतं, आणि खाली बँड बसलेला असतो, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बास, ड्रम. विनोदी नट आला की ड्रमवाल्याची नजर त्याच्यावरून हलत नाही. त्यानं मान वळवली तरी ठोका पडतो. तियात्राचा पहिला खेळ १८९२ मध्ये मुंबईत झाला. आजही कला अकादमीत किंवा गावच्या फेस्ताला खेळ लागला की बँड जिवंतच हवा, मुद्रित गाण्यावर कांतार म्हणणाऱ्याला आमचे लोक खुर्चीवर बसून ऐकणार नाहीत.

---

सांगलीचे_आजोबा

नातवानं हा धागा वाचून दाखवला, त्यालाच लिहायला सांगितलं आहे.

आमच्या लहानपणी सर्कस आली की तंबूच्या आधी बँड यायचा. गावातून फेरी निघायची. तंबूत कलाकारांच्या येण्याच्या दाराच्या वर एक माच असायची, तिच्यावर बँड. तिथून सगळं रिंगण दिसतं म्हणून ती जागा. बँडमास्तर पाठमोरा नसायचा, त्याचा एक डोळा खाली असायचा. वाघांचा पिंजरा जोडायला वेळ लागे, तेवढ्यात जोकर यायचे. त्यांचं खरं काम ते. गड्यांनी पिंजऱ्याच्या जाळ्या ओढत आणायच्या आणि लोकांनी तिकडे बघू नये म्हणून जोकरांनी आपटायचं, बँडनं वाजवायचं. त्यात एक बुटका जोकर क्लॅरिनेट फार गोड वाजवायचा. त्याच्या वाजवण्यासाठी आम्ही दुसऱ्यांदा तिकीट काढलं होतं.

अलीकडे एका सर्कशीला गेलो. दोन मोठे ध्वनिक्षेपक आणि सिनेमाची गाणी. पोरं झुल्यावर जीव तोडून काम करत होती. त्यांच्यासाठी कुणी वाजवत नव्हतं याचं वाईट वाटलं.

---

कुरुंदवाड_घाट

आजोबा, नमस्कार. लिहीत राहा, ही आठवण अनमोल आहे.

पिंजऱ्याचा मुद्दा अगदी बरोबर. १९९८ च्या अधिसूचनेनं वाघ, सिंह, बिबळे, अस्वलं आणि माकडं सर्कशीतून गेली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. प्राण्यांच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण मग जोकर हा दोन खेळांमधला भराव राहिला नाही, तोच खेळ झाला. अशा वेळी त्याच्या साथीला बँड वाढायला हवा होता. घडलं उलटं. वादकांचे पगार, त्यांची राहण्याची सोय, हा खर्च सर्वांत आधी कापला गेला, कारण ध्वनिक्षेपकाला जेवण लागत नाही. पुण्याची रॅम्बो सर्कस अजून तंबू ठोकते, त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीचं मला कौतुकच आहे. मैदानाचं भाडं आणि परवानग्या यांतून निभावणं किती अवघड आहे हे बाहेरून कळत नाही. तिथे वादक ठेवा असा नुसता उपदेश करण्यात अर्थ नाही. गावोगावचे बँडवाले लग्नसराई सोडून रिकामे असतात, त्यांना मुक्कामापुरतं बोलावता आलं तर दोघांचंही भागेल, असं मला मनापासून वाटतं.

---

मिरजेचा_ताशा

+१. आम्ही एका हाकेवर येऊ! पावसाळ्याआधीचे आणि दिवाळीनंतरचे मुहूर्त सोडा, बाकी महिने बँडवाला मोकळाच असतो.

बँड असण्याचं आणखी एक कारण सांगतो, ते हसण्याचं नाही. अमेरिकेतल्या सर्कशींमध्ये एक ठरावीक मार्च (लष्करी चालीची धून) फक्त संकटाची खूण म्हणून राखून ठेवलेला असे. तो कधी एरवी वाजवायचा नाही. वाजला की कामगारांनी समजायचं, काहीतरी भयंकर झालंय, लोकांना बाहेर काढा. ६ जुलै १९४४ ला हार्टफर्ड शहरात रिंगलिंग सर्कशीचा तंबू पेटला. कापडाला पाणी लागू नये म्हणून पेट्रोलमध्ये मेण कालवून लावलेलं होतं. बँडमास्तर मर्ल इव्हान्सनं आग दिसताच तोच मार्च सुरू केला आणि वादक शक्य होतं तोवर वाजवत राहिले. दीडशेच्या वर माणसं गेली, त्यात मुलं पुष्कळ. उदास भटक्याच्या सोंगासाठी प्रसिद्ध असलेला विदूषक एमेट केली रंग लावलेल्या तोंडानं पाण्याची बादली घेऊन धावला, मुलांना वाट दाखवत राहिला. तो फोटो मी पाहिलाय.

ध्वनिक्षेपकाला धूर दिसत नाही.

---

रानजाई

हे माहीत नव्हतं. सुन्न झाले.

एक छोटी भर घालते. जोकरची म्हणून जी धून सगळ्या जगाला माहीत आहे, तो मुळात लष्करी मार्च आहे. युलियस फुचिक या चेक बँडमास्तरनं १८९७ मध्ये सारायेव्होत लिहिलेला, रोमन योद्ध्यांच्या आगमनाचा. नंतर अमेरिकेत छोट्या बँडसाठी त्याची मांडणी झाली आणि सर्कशींनी तो भरधाव वाजवायला घेतला. मूळ गतीत ऐकलात तर चांगला भारदस्त आहे. गती वाढवली की विदूषक धावत येतो.

---

वाडीतली_शमा

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. आमच्या वाडीच्या गणपतीत या वर्षी मुलांचं जोकरांचं एक दहा मिनिटांचं सादरीकरण बसवतेय. मुलं आठ ते बारा वयाची. शिडी, बादली आणि खुर्ची एवढंच सामान. एक मुलगा ढोलकी शिकतोय, एक मुलगी पेटी वाजवते. एरवी आम्ही सरळ मोबाईलवर गाणं लावतो. ताशादादा, मुलांकडूनच साथ करून घेता येईल का? कशी बसवू?

---

मिरजेचा_ताशा

शमाताई, नक्की येईल. आणि ढोलकी आहे म्हणजे तुमचं काम निम्मं झालंय. तमाशात सोंगाड्याच्या बोलण्याला हलगी आणि ढोलकी जी टोक देते ती हीच विद्या आहे, आपल्याला बाहेरून काही आणायला नको.

आधी पडायला शिकवा, वाद्याशिवाय. जाड सतरंजी किंवा गादी घाला. बसतं पडायचं, हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट जातं. हनुवटी छातीला. शिडी एका मोठ्या माणसानं धरलेलीच हवी, तिच्यावर दुसऱ्या पायरीच्या वर कुणी चढायचं नाही. बादलीत पाणी न घालता कागदाचे कपटे घाला, फरशी निसरडी होते.

ढोलकीवाल्याला पडणाऱ्याच्या तोंडाकडे बघू देऊ नका, पायाकडे बघायला सांगा. तोंड फसवतं, पाय आधी सांगतो. ठोका पडण्याच्या आधी आला तर सगळा खेळ मेला. आपटण्याच्या क्षणी किंवा केसभर नंतर आला तर चालतो. सराव करताना पडणाऱ्यानं मुद्दाम कधी लवकर, कधी उशिरा पडायचं, न सांगता. दोनतीन दिवसांत पोरगा बरोबर पकडायला लागतो. थप्पड असेल तर ढोलकीच्या चाटीवर (बारीक आवाजाच्या बाजूवर), पडण्याला धुमावर (जाड आवाजाच्या बाजूवर). मध्ये ठेका धरून ठेवायचा नाही, नाहीतर ठोके त्यात बुडतात. शांतता ठेवा.

पेटीवाल्या मुलीला एकच चाल द्या, सगळ्यांना पाठ असलेली, आणि ती दर वेळी शेवटच्या सुराआधी तोडायला सांगा, कारण कुणीतरी पडतं. तीन वेळा तोडा. चौथ्यांदा पूर्ण वाजू द्या, सगळ्या जोकरांनी मिळून गाऊ द्या. प्रेक्षक त्या सुरासाठी थांबलेले असतील.

बसवलंत की तालमीची चित्रफीत मला निरोपातून पाठवा, कुठे ठोका मागेपुढे होतोय ते बघून सांगतो. आणि मिरज-सांगलीच्या आसपास असाल तर एका रविवारी साइड ड्रम घेऊन येईन, चहा पुरे.

---

वाडीतली_शमा

तासगाव! पुढच्या रविवारी चार वाजता मुलं देवळाच्या सभामंडपात जमतात. निरोपात पत्ता पाठवतेय.